जुन्या फियाटला शॉकअप निवडताना

आमची गाडी १९७३ सालची. कागदांवर प्रीमियर प्रेसिडेंट, कारण पद्मिनी हे नाव १९७४ साली आलं. पण इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीत ती कायम फियाटच. मूळची इटलीची ११०० डी. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, म्हणजे एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. बाबांनी चालवली, आता मी चालवते, आणि वर्षातून दोन-तीनदा आईला ओंकारेश्वरला नेते. वाटेतल्या भेरूघाटाच्या वळणांवर ही गाडी खरी कळते.

तिथेच एकदा मागची बाजू झुलायला लागली. इंदूरला परतल्यावर दुकानदार म्हणाला, "दीदी, कड़क वाले डाल देता हूँ, छुट्टी." एका जड गाडीचे शॉकअप बसवले गेले. बसले बरोबर, पण प्रत्येक गतिरोधकावर मागची चाकं उडायची, आणि सहा महिन्यांत शॉकअप वर जिथे बॉडीला जोडतात तिथल्या पत्र्याला केसाएवढी चीर गेली. त्या चिरीवरून बोट फिरवलं तेव्हा पोटात खड्डा पडला. म्हणून कळकळीने सांगते: शॉकअप स्प्रिंगला शोभेल असा घ्यायचा, कडक म्हणून घ्यायचा नाही.

वजन पेलतात पाटे आणि कॉइल. शॉकअप फक्त त्यांची उसळी आवरतो. तेव्हा आधी पाटे बघा. टायरांत हवा सारखी भरून गाडी सपाट जागी उभी करा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत दोन्ही बाजू मोजा. माझ्या गाडीत डावी बाजू तीन सेंटीमीटर खाली होती. साफ केल्यावर दुसऱ्या पाट्याला तडा दिसला. दोष तिथे होता, आणि मी पैसे भलतीकडे घातले होते. पाटे दुरुस्त झाल्याशिवाय पुढचं मोजमाप करू नका, ते सगळं चुकेल.

मग लांबी. हे काम दुकानदारावर सोडू नका. गाडी चाकांवर उभी असताना शॉकअपच्या वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत मोजा. एक्सल (मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा) आणि त्याच्या वरचा रबरी ठोकळा यांच्यामधली फट मोजा आणि ती या लांबीतून वजा करा. रबरही दबतं, म्हणून आणखी दोन सेंटीमीटर कमी करा. नवा शॉकअप पूर्ण मिटल्यावर याहून लांब नको. नाहीतर ठोकळ्याआधी तोच आदळेल आणि धक्का थेट पत्र्याला बसेल. आता मागची बाजू उचला, बॉडीखाली पक्के स्टँड लावा (नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका), एक्सल हलकेच लोंबू द्या आणि पुन्हा बोल्ट ते बोल्ट मोजा. शॉकअप पूर्ण उघडल्यावर निदान एवढा तरी हवा. पुढच्या बाजूलाही तत्त्व हेच.

जोर किती असावा? उघडताना जास्त, मिटताना कमी. चाक उंचवट्यावर चढतं तेव्हा स्प्रिंग स्वतःच विरोध करत असते, तिथे शॉकअपने आणखी अडवलं की धक्का आत येतो. दबलेली स्प्रिंग परत उसळते, तिला मात्र घट्ट धरायला हवं. दुकानात हातात घेऊन दाबा आणि ओढा. दोन्हीकडे सारखाच ताठ लागला तर ठेवून द्या. शॉकअपचा दांडा दाबून सोडल्यावर आपोआप वर आला तर तो गॅसचा. जागीच राहिला तर साध्या तेलाचा. गॅसचा शॉकअप गाडीला सतत थोडं वर ढकलतो. आमच्या हलक्या गाडीला मला तेलाचाच मानवला.

शॉकअप नेहमी जोडीने बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन. आडव्या ठेवलेल्या तेलाच्या शॉकअपमध्ये आतल्या नळीत हवा जाते. बसवण्याआधी तो उभा धरा, दांडा वर, आणि सावकाश पूर्ण उघडा, पूर्ण मिटा. पहिल्या दोन-तीन वेळा मध्येच पोकळ जागा लागते, गुळगुळ आवाज येतो. सहा-सात वेळांत हात सलग जड झाला की हवा गेली. मग आडवा करू नका. इतकं करूनही पोकळी राहिली तर तो परत करा.

रबरी बुशांचे (शॉकअपच्या टोकांतल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट आधी हातानेच लावा. गाडी चाकांवर टेकली, वजन आलं, की मगच आवळा. लोंबत्या अवस्थेत आवळले तर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

शेवटी मागचा कोपरा जोरात दाबून सोडा. वर येऊन जागेवर थांबायला हवा. मी पहिली फेरी घाटाआधीच्या सिमरोलपर्यंतच मारते, परत आल्यावर बोल्ट तपासते आणि दांड्याजवळ कोरडं फडकं फिरवते. फडक्यावर तेलाची पुसट झाक आली तर चालेल. ओघळ दिसला तर ओंकारेश्वरची तारीख पुढे ढकलते.