अंदमान-लक्षद्वीपच्या पहिल्या खासदारांची भाषणं कशी शोधावीत

नाशिककरांना अंदमान म्हटलं की भगूरचे सावरकर बंधू आणि कोलू आठवतो. स्वातंत्र्यानंतर लोकसभेत त्या बेटांच्या वतीने कोण बोललं, हेही शोधण्यासारखं आहे. संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात जुनी इतिवृत्तं घरबसल्या फुकट मिळतात.

सुरुवात निवडणूक निकालांपासून करू नका. १९५२ मध्ये नाशिकने मतदान केलं, अंदमानने केलं नाही. १९६७ पर्यंत तिथला सदस्य राष्ट्रपती नेमत असत. त्यामुळे नाव नामनिर्देशित सदस्यांच्या यादीत पाहा. पहिल्या लोकसभेत (१९५२-५७) ते होते कार निकोबारचे बिशप जॉन रिचर्डसन. अंदमानचे पहिले निवडून आलेले खासदार के. आर. गणेश, १९६७ चे.

आता इतिवृत्त. १४ मे १९५४ पूर्वी सभागृहाचं इंग्रजी नाव ‘हाउस ऑफ द पीपल’ होतं, खंडांवरही तेच आहे. फक्त ‘लोकसभा’ टाकून शोधलं तर सुरुवातीची दोन वर्षं निसटू शकतात. त्या काळी एका दिवसाचं कामकाज दोन भागांत छापत: पहिल्यात प्रश्नोत्तरं, दुसऱ्यात बाकीची चर्चा. बहुतेकजण दुसराच भाग उघडतात आणि ‘सदस्य गप्प होते’ असा निष्कर्ष काढतात. छोट्या प्रदेशाच्या एकट्या सदस्याचं काम प्रश्नांतूनही दिसतं, म्हणून आधी पहिला भाग वाचा. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळतं आणि उपप्रश्न विचारता येतात. खरी माहिती पुष्कळदा त्या उपप्रश्नांत असते.

पानं स्कॅन केलेली असल्याने नावाचा शोध हमखास चुकतो. अक्षरं पुसट असतात, स्पेलिंग बदलतं, ‘बिशप’ कधी मागे-पुढे होतं. नावाबरोबर ‘पोर्ट ब्लेअर’, ‘निकोबार’, ‘कोप्रा’ (सुकं खोबरं) हे शब्दही इंग्रजीत टाकून पाहा. तरीही सापडलं नाही तर अनुक्रमणिका डोळ्यांनी वाचा. याला पर्याय नाही.

लक्षद्वीपसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा: १९७३ पूर्वी त्याचं नाव लक्कदीव, मिनिकॉय आणि अमिनदीवी बेटं. के. नल्ला कोया थंगल (१९५७-६७, नामनिर्देशित) त्याच नावाखाली सापडतील. पी. एम. सईद १९६७ पासून सलग दहा वेळा निवडून आले.

नोंद करताना तारीख, खंड, भाग आणि स्तंभ क्रमांक लिहा. जुन्या खंडांत एका पानावर दोन स्तंभ असतात आणि क्रमांक स्तंभांना दिलेले असतात. पीडीएफचा पान क्रमांक टिपलात तर छापील खंडात ती जागा सापडणार नाही.