लाउटरब्रुननच्या दरीत एका दिवसाची पायपीट कशी आखावी

सह्याद्रीत आपण आधी घाम गाळून चढतो आणि मग माथ्यावर बसून बघतो. स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुननच्या दरीत हा हिशेब उलटा मांडायचा. चढायचं काम रेल्वे आणि केबल कारवर सोपवायचं आणि आपण वरच्या पठारांवरून, आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही शिखरं समोर ठेवून निवांत चालायचं. आपल्याकडच्या बऱ्याच सहली ३४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला जाऊन, बर्फात फोटो काढून परत फिरतात. हौस असेल त्याने तिथे जरूर जावं; दरी बघायची तर मात्र पायीच. पुढच्या वाटा रोजची चालायची सवय असलेल्या आईबाबांना आणि शाळकरी मुलांना सहज जमतील.

१. मुक्काम आणि गाडी

मुक्काम लाउटरब्रुनन (सुमारे ८०० मीटर) किंवा वरच्या वेंगन गावात करा. वेंगनला मोटारी नाहीत, त्यामुळे रात्री शांतता असते. इंटरलाकन ऑस्ट स्टेशनवरून लाउटरब्रुननला वीसेक मिनिटांत गाडी पोचवते, पण डबा बघून चढा. त्स्वाइल्युट्शिनन स्टेशनवर या गाडीचे दोन भाग होतात; एक लाउटरब्रुननला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. बोलण्याच्या नादात चुकीच्या डब्यात बसलात, तर सकाळ पलीकडच्या दरीत जाईल.

स्विस ट्रॅव्हल पास असेल तर वेंगन आणि दरीच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या म्युरेन गावापर्यंतचा प्रवास त्यातच येतो. त्याच्या वरच्या टप्प्यांना वेगळं तिकीट लागतं, पण पासवर सवलत मिळते.

२. आधी आभाळ, मग वाट

कुठे जायचं हे आदल्या रात्री पक्कं करू नका. सकाळी उठल्यावर वरच्या स्टेशनांचे वेबकॅम बघा. खाली धुकं आणि वर लख्ख ऊन असं पुष्कळदा असतं; उलटंही होतं. ढगात गेलेल्या डोंगरावर तिकिटाचे पैसे घालवण्यात अर्थ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस येऊ शकतो, म्हणून उंचावरची वाट सकाळी उरकावी. जूनच्या सुरुवातीला वर बर्फ असू शकतो. वाट खुली आहे का, हे स्टेशनवर विचारून घ्या.

३. स्वच्छ दिवस मिळाला तर मेनलिखन

एकच दिवस हाताशी असेल तर मी हीच वाट सांगेन. वेंगनहून केबल कारने मेनलिखनला जा. वरचं स्टेशन सुमारे २२२५ मीटरवर आहे. तिथून क्लाइने शायडेग या खिंडीतल्या स्टेशनपर्यंत साडेचार किलोमीटरची रुंद, हलक्या उताराची वाट आहे. आरामात दीड तास, फोटोवाले सोबत असतील तर अडीच. चालायचं ते मेनलिखनहून शायडेगकडेच. या दिशेने शिखरं सतत समोर राहतात आणि आयगरची उत्तर भिंत हळूहळू मोठी होत जाते. उलट दिशेने गेलात तर तीच शिखरं पाठीमागे राहतील आणि वर चढही पडेल.

या भिंतीवर गिर्यारोहकांना पहिलं यश मिळालं ते १९३८ साली. शिखर त्याआधी ऐंशी वर्षं, १८५८ मध्येच सर झालं होतं, पण दुसऱ्या बाजूने. काळ्या खडकाचा तो पडदा जवळून बघितला की हे अंतर का पडलं ते सांगावं लागत नाही. शायडेगहून गाडी तुम्हाला खाली वेंगनला आणि पुढे लाउटरब्रुननला आणते.

४. पाय दुखत असतील तर म्युरेन

लाउटरब्रुनन स्टेशनसमोरून केबल कारने ग्रुट्शाल्पला जा. तिथून म्युरेनपर्यंतची वाट छोट्या रेल्वेच्या सोबतीने जाते. कुणी थकलंच, तर मध्ये विंटरएग नावाचं स्टेशन आहे. तिथे खाऊन उरलेला टप्पा गाडीने करता येतो. शिखरं इथून पूर्वेकडे असल्यामुळे सकाळी उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते. छान उजेड हवा असेल तर दुपारी जा, अर्थात आभाळ मोकळं असेल तरच. म्युरेनहून गिमेलवाल्डला उतरणारा रस्ता डांबरी आणि तीव्र उताराचा आहे. गुडघ्यांची तक्रार असेल तर तो सोडा.

५. पाट्या वाचायला शिका

पिवळ्या पाटीवर किलोमीटरऐवजी वेळ लिहिलेली असते आणि तीत विश्रांती धरलेली नसते. आपल्या घोळक्याने त्या वेळेत निम्मी भर घालावी. नुसत्या पिवळ्या खुणेची वाट कुणालाही चालण्याजोगी. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट. तिथे चांगले बूट हवेत आणि पाय टाकताना लक्ष हवं. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर गुमान मागे फिरा, ते अनुभवी लोकांचं काम.

कुरणात गाईंसाठी विजेची तार असते. फाटकाच्या तारेला मूठ असते, ती धरून काढायची आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा अडकवायची. वासरू सोबत असलेल्या गाईपासून लांब राहा, गळ्यातली घंटा कितीही गोड वाजू दे.

६. पाठपिशवीत काय

घसरणार नाहीत असे बूट, पातळ रेनकोट, एक गरम कपडा, टोपी आणि सनस्क्रीन. पाण्याची एकच बाटली पुरते. गावातल्या हौदांचं पाणी थंडगार आणि पिण्याजोगं असतं, फक्त ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तिथे भरू नका. खायला चिक्की आणि तिखटमिठाच्या पुऱ्या सगळ्यांत सोयीच्या, कारण वरच्या हॉटेलांचे दर रुपयांत मोजायला गेलात तर घास घशाखाली उतरणार नाही. पेढे, तूप, पनीर मात्र भारतातून नेऊ नका; तिकडे ते आणायला बंदी आहे.

वर पोचताच शेवटच्या परतीच्या गाडीची वेळ बघा आणि फोटो काढून ठेवा. तातडीच्या मदतीसाठी ११२, आणि डोंगरातल्या हेलिकॉप्टर सुटकेसाठी १४१४ हे क्रमांक फोनमध्ये असू द्या.

पाऊस लागला तर

लाउटरब्रुननहून दरीच्या तळातून श्टेखेलबर्ग गावाच्या दिशेने सपाट वाटेने चाला. लाउटरब्रुननलगतचा श्टाउबबाख धबधबा जवळजवळ ३०० मीटरवरून पडतो, आणि वाऱ्याने त्याचे तुषार होऊन जातात. पुढे तासाभरात ट्रुमेलबाख धबधबा लागतो. तिन्ही शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी इथे डोंगराच्या पोटातून, सेकंदाला २० हजार लिटरपर्यंत, घुमत खाली येतं, आणि लिफ्ट व जिन्यांनी ते अगदी हाताच्या अंतरावरून बघता येतं. पायऱ्या ओल्या असतात, आत गारठा असतो, म्हणून रेनकोट अंगातच ठेवा. चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत. तान्हं मूल सोबत असेल तर आळीपाळीने जा. परतताना पाय थकले तर त्याच रस्त्यावर बस मिळते.