सोलापुरातून स्वतंत्र नियतकालिक काढायचे असेल तर

सामाजिक न्याय आणि कला या दोहोंना वाहिलेले छोटे नियतकालिक काढू इच्छिणाऱ्या मंडळींची पहिली बैठक बहुधा नाव आणि मुखपृष्ठ यांवरच संपते. त्याऐवजी त्या बैठकीत अंक कोणाच्या हाती पडणार, एवढेच ठरवावे. कारण आकार, पानांची संख्या, भाषा, किंमत आणि प्रकाशनाचा महिना हे सारे त्या एका उत्तरावरून ठरत जाते. उपेक्षितांचा आवाज असल्याचे मुखपृष्ठावर छापून, ज्यांच्याविषयी अंक निघाला त्यांच्यापैकी एकाच्याही घरी न पोहोचलेली नियतकालिके मराठीत थोडीथोडकी नाहीत.

या कामाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे आणि तिच्यातून शिकण्यासारखे बरेच आहे. कृष्णराव भालेकरांनी 1877 मध्ये ‘दीनबंधु’ सुरू केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ 31 जानेवारी 1920 रोजी निघाले आणि त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. तरीही ते पाक्षिक फार काळ टिकू शकले नाही आणि 1927 मध्ये ‘बहिष्कृत भारत’ नव्याने उभे करावे लागले. साठच्या दशकातील लघुनियतकालिकांनी तर चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल केलेल्या) कागदांवरही उत्तम साहित्य छापता येते, हे दाखवून दिले. सोलापूरही या परंपरेबाहेर नाही: 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवीत असत. पदरी भांडवल नसताना पत्र निघू शकते, मात्र वर्गणीदार नसताना ते चालत नाही, हा या इतिहासातून मिळणारा व्यावहारिक धडा आहे.

सोलापुरात वाचक ठरवणे म्हणजे भाषा ठरवणे. पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड कानी पडते, विजापूर वेशीच्या आसपास उर्दू आणि दखनी. मात्र घरी तेलुगू बोलणाऱ्या, पण शाळेत मराठीच शिकलेल्या अनेक स्त्रियांना तेलुगू लिपी वाचता येत नाही. म्हणून तेलुगू गाणे छापताना ते देवनागरी लिपीत द्यावे आणि समोरच्या पानावर मराठी अनुवाद ठेवावा. उर्दू मजकूर नस्तालिक या उर्दूच्या वळणदार लिपिशैलीत द्यायचा असेल, तर तो मागच्या मुखपृष्ठापासून सुरू करावा, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचणाऱ्याला अंक उलटा धरल्यासारखे वाटत नाही. अनुवादकाचे नाव लेखकाच्या नावाएवढ्याच टंकात असावे आणि त्यालाही मानधन मिळावे. चार भाषांच्या शहरातून निव्वळ प्रमाण मराठीत निघणारा अंक, आशय कितीही चांगला असला तरी, अर्ध्या गावाला दार लावून बसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मजकूर मिळवण्याच्या कामाला सर्वाधिक वेळ द्यावा. लेख मागवण्याचे जाहीर आवाहन केले, की महाविद्यालयांतून कवितांचा ढीग येतो, आणि यंत्रमागावरचा कामगार किंवा घरी विड्या वळणारी बाई मात्र काहीच पाठवत नाही. तिला लिहायला बसण्याइतका वेळ नसतो. तिच्याकडे जावे लागते, आणि जाताना प्रश्नही तिच्या कामातलेच न्यावे लागतात. ‘तुमचे शोषण होते का?’ असे विचारल्यास समोरची व्यक्ती ओशाळून हसते आणि विषय तिथेच संपतो. ‘आज छाट किती निघाली?’, म्हणजे किती विड्या नाकारल्या गेल्या, असे विचारले, तर पान कसे खराब आले, तंबाखू कमी का पडला, हजारातल्या किती विड्या बाजूला काढल्या गेल्या आणि त्यांचे पुढे काय होते, हे सारे ती न थांबता सांगते. ते ध्वनिमुद्रित करावे, तिच्या बोलीत उतरवून काढावे, आणि छापण्यापूर्वी तिला वाचून दाखवावे. ‘हे काढा’ असे तिने म्हटल्यास ते काढावे. त्यावर संपादकाने वाद घालू नये.

येथे कायद्याचा आणि विवेकाचा भाग एकत्र येतो. लैंगिक अत्याचारातील पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार गुन्हा आहे, आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचे निर्बंध आहेतच. पण त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी, की नाव बदलले म्हणून ओळख लपत नाही. एखाद्या पेठेत गल्ली, मागांची संख्या आणि मुलीचे शिक्षण एवढे सांगितले, तरी कोणाविषयी लिहिले आहे हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना समजते. मजुरीविषयी तक्रार करणाऱ्याचे काम जाऊ शकते. म्हणून असा प्रत्येक तपशील, तो गाळला तर लेखाचे काय बिघडते, या कसोटीवर तपासावा. कोणावर आरोप छापायचा असेल, तर कागदपत्रे हाती असावीत, संबंधिताचे म्हणणे मागवून तेही छापावे. बदनामीचे कलम नव्या संहितेत 356 या क्रमांकाने कायम आहे.

कलेच्या पानांबाबत बहुतेक संपादक एक चूक करतात: लेख संपून जागा उरली की तिथे रेखाचित्र टाकतात. सोलापुरात तर कला कामाच्या जागीच सापडते. चादरीवरची नक्षी आधी आलेख कागदावर चौकोन चौकोन रंगवून तयार होते, मग जकार्ड या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेच्या छिद्रित पट्ट्यांत उतरते. आता हे काम पुष्कळ ठिकाणी संगणकावर होते, पण जुने रंगवलेले कागद काही घरांत अजून आहेत. असा एक कागद पूर्ण पानभर छापावा आणि तो रंगवणाऱ्याचे नाव खाली द्यावे, कारण चादरीवर ते कधीच येत नाही. शाहिरी, हलगी, कलापथकाची पदे, हुतात्मा स्मृती मंदिरात होणारे हौशी नाट्यप्रयोग यांनाही हेच लागू आहे. शाहीर अमर शेख याच जिल्ह्यातल्या बार्शीचे. तेव्हा पोवाडा छापताना तो कवितेसारखा निमूट न छापता चाल, साथीची वाद्ये आणि झीलकऱ्यांच्या (मागे सूर धरणाऱ्या साथीदारांच्या) ओळी यांसह छापावा.

आता छपाई. मराठी छापखान्यांत डेमी अष्टमांश म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच हा आकार सोयीचा, कारण एका डेमी कागदातून सोळा पाने निघतात आणि यालाच एक फॉर्म म्हणतात. अंक 48 पानांचा ठेवला तर तीन फॉर्म पुरतात. चार पाने वाढवण्याचा मोह झाला, की चौथ्या फॉर्मचा खर्च अंगावर येतो. आतला कागद 70 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 70 ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, म्हणजे चकाकी नसलेला साधा छपाईचा कागद, पुरेसा आहे. मॅपलिथो शाई शोषतो, त्यामुळे छायाचित्रे पडद्यावर दिसतात त्यापेक्षा काळवंडतात. ती आधीच थोडी उजळ करून द्यावीत. मजकुराचा काळा रंग केवळ काळ्या शाईचा असावा, चार रंगांच्या मिश्रणाचा नव्हे, अन्यथा प्लेट किंचित सरकली तरी वेलांट्या आणि अनुस्वार दुहेरी दिसू लागतात. प्रती तीनशेच्या आत असतील, तर डिजिटल छपाई, त्याहून अधिक असतील तर ऑफसेट, असा ढोबळ हिशेब धरून दोन्हीकडून दरपत्रक घ्यावे.

अक्षरजुळणी युनिकोडमध्येच करावी. जुन्या टंकांत जुळवलेला मजकूर पुढे शोधता येत नाही आणि दुसऱ्या संगणकावर त्याचा खिचडा होतो. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी हे टंक विनामूल्य असून मुद्रणासाठी चांगले आहेत. टंक निवडताना ‘दऱ्या’, ‘शृंगार’ आणि ‘विठ्ठल’ हे तीन शब्द छापून पाहावेत. जोडाक्षरे कुठे तुटतात हे तिथेच उघड होते. मुद्रितशोधन पडद्यावर न करता कागदावर करावे, आणि ज्याने लेख संपादित केला त्याने ते करू नये.

पैशांच्या हिशेबात नवखे लोक फसतात ते एकाच ठिकाणी. समजा, 500 प्रतींची छपाई 20,000 रुपये, मानधन 6,000, अक्षरजुळणी 5,000 आणि टपाल व प्रवास 4,000 असा एकूण 35,000 खर्च आला. भागाकार केला तर प्रत 70 रुपयांना पडते, आणि बहुतेक जण तेवढीच किंवा थोडी जास्त किंमत लावतात. प्रत्यक्षात लेखक, ग्रंथालये आणि ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना शंभरेक प्रती भेट जातात, पन्नास पडून राहतात. 350 प्रतींवर भागल्यास आकडा 100 वर जातो, आणि पुस्तक विक्रेत्याचे कमिशन त्याच्याही वर. म्हणून वर्गणीदार आधी जमवावेत आणि पहिला अंक नंतर छापावा. कामगार वाचकाला शंभर रुपये परवडणार नसतील, तर संस्था आणि नोकरदारांसाठी जास्त वर्गणी ठेवून त्यातून कामगारांच्या प्रतीची किंमत खाली आणावी. जाहिराती घ्याव्यात, पण ज्या कारखानदाराच्या मजुरांविषयी लिहायचे आहे त्याची घेऊ नये. दिवाळी अंकाचा मोहही पहिल्या वर्षी टाळलेला बरा. त्या गर्दीत लहान अंक बुडतो.

नोंदणीबाबत गैरसमज फार आहेत. प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम 2023 हा 1 मार्च 2024 पासून लागू झाला असून त्याने 1867 च्या कायद्याची जागा घेतली आहे. ठराविक कालावधीने छापले जाणारे आणि सार्वजनिक बातम्या वा त्यांवरील भाष्य असलेले प्रकाशन नियतकालिकात मोडते. त्याची शीर्षक-मंजुरी आणि नोंदणी ‘प्रेस सेवा’ या पोर्टलवर एकत्रच मागता येते. नोंदणीविना प्रकाशन केल्यास पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खरोखरच अनियमित निघणारा संग्रह असेल, तर प्रत्येक खंडाला पुस्तक मानून आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) घेण्याचा मार्ग आहे. मात्र अंगावर तिमाहीचा क्रम छापायचा आणि कागदोपत्री पुस्तक म्हणायचे, असे करू नये. आयएसएसएन हा नियतकालिकांचा ओळख क्रमांक नवी दिल्लीतील राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो, पण तो म्हणजे नोंदणी नव्हे आणि प्रताधिकारही नव्हे.

हक्कांचा करार साधा, एका पानाचा आणि लेखकाच्या भाषेत असावा. प्रताधिकार कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते. छोट्या नियतकालिकाने एकदा छापण्याची परवानगी घेऊन बाकी हक्क लेखकाकडेच राहू द्यावेत.

वितरणासाठी दुकानांवर विसंबून राहू नये. जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत, 14 एप्रिलच्या जयंतीला आणि नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाच्या सुमारास पूर्व भागात, लोक घराबाहेर असतात. तिथे टेबल लावावे. प्रकाशन समारंभही सभागृहात पाहुण्यांच्या भाषणांत न घालवता ज्या वस्तीतून मजकूर आला तिथल्या चौकात घ्यावा, आणि लिहिणाऱ्यांनी आपापला मजकूर मोठ्याने वाचावा. वाचता न येणाऱ्यांपर्यंतही अंक याच मार्गाने जातो. ध्वनिमुद्रण केले तर ते व्हॉट्सअॅपवरून फिरते, आणि त्यातूनही काही वर्गणीदार मिळतात.

अंक प्रकाशित होताच, आणि खंड पुस्तक मानला असेल तर तीस दिवसांच्या आत, कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि ग्रंथालयांना प्रती देण्याविषयीच्या 1954 च्या कायद्याखालील इतर ग्रंथालये यांना प्रती पाठवाव्यात. शहरातील हिराचंद नेमचंद वाचनालयातही एक द्यावी. पंचवीस प्रती विक्रीतून बाजूला काढून वर्षअखेरीस बांधीव खंड करावेत, आणि छपाईची फाइल, युनिकोड मजकूर व मूळ ध्वनिमुद्रणे दोन वेगवेगळ्या घरांतील डिस्कवर ठेवावीत.