सेल्युलर जेल बघण्याआधी: काळ्या पाण्याच्या खुणा कोणत्या क्रमाने पाहाव्यात

सकाळी विमानातून उतरायचं, दुपारी सेल्युलर जेल, सावरकरांच्या कोठडीला नमस्कार, संध्याकाळी लाइट अँड साउंड शो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हॅवलॉकची बोट. अंदमानच्या बहुतेक सहलींचा बेत असाच असतो. त्यात कोठडी दिसते, पण ती का बांधली आणि तिच्यातली शिक्षा नेमकी कशात होती, ते समजायला वेळच उरत नाही. पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून श्री विजयपुरम) पूर्ण दोन दिवस द्या आणि जेल दुसऱ्या दिवशी पाहा. पहिला दिवस बेटांचा.

हा क्रम इतिहासाचाच आहे. १० मार्च १८५८ ला डॉ. वॉकर हा इंग्रज अधिकारी २०० कैद्यांना घेऊन इथे उतरला तेव्हा तुरुंगाची इमारत नव्हती. चहूबाजूंना समुद्र आणि किर्र जंगल, हाच तुरुंग. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ मध्ये सुरू झालं, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षांनी. १८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी कैद्यांच्या या वसाहतीची पाहणी केली. त्यांच्या मते काळ्या पाण्याचा धाक उरला नव्हता आणि कैद्यांना हिंदुस्थानातल्या तुरुंगांपेक्षा अंदमान बरं वाटू लागलं होतं. म्हणून त्यांनी सुचवलं की नव्या कैद्याला आल्या आल्या काही महिने एकट्याला कोंडून ठेवावं. त्यासाठी ‘सेल’ हवे होते, आणि तेच नाव जेलला मिळालं. आधीची बेटं पाहिली असली की हा बदल समजावून सांगावा लागत नाही.

बेत आखताना आधी सूर्याचा विचार करा. अंदमान भारताच्या खूप पूर्वेला, पण घड्याळ मुंबईचंच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. “चारला ऊन उतरलं की निघू” हा आपल्याकडचा हिशोब तिथे हमखास फसतो. सकाळी सहाला मात्र लख्ख उजेड असतो, तेव्हा दिवस लवकर सुरू करा. मे ते नोव्हेंबर पावसाचे महिने, त्यात समुद्र खवळला की छोट्या बोटी बंद होतात. जानेवारी ते एप्रिल सर्वांत भरवशाचा काळ.

बंद असण्याचे वार जागेनुसार वेगळे असतात. रॉस बेट सहसा बुधवारी बंद, चॅथमची गिरणी रविवारी. जेल दुपारी जेवणाच्या वेळेत बंद होतं. सोमवार किंवा राष्ट्रीय सुट्टी मध्ये येत असेल तर आदल्या दिवशी विचारून घ्या. भारतीयांना शहरासाठी परवाना लागत नाही, पण मूळ ओळखपत्र जवळ असू द्या.

पहिल्या दिवशी सकाळी चॅथम. पुलाने जोडलेलं असल्यामुळे रिक्षाने जाता येतं. कैद्यांचा पहिला तळ इथेच पडला, पण गोड्या पाण्याची टंचाई भासली आणि मुख्य ठाणं रॉसवर गेलं. १८८३ पासूनची लाकूड कापण्याची गिरणी आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बचा खड्डा पाहायला तासभर पुरे.

मग अ‍ॅबरडीन भागातल्या धक्क्यावर जा. बोटीची वाट बघताना शेजारचं अ‍ॅबरडीनच्या लढाईचं स्मारक पाहून घ्या. मे १८५९ मध्ये ग्रेट अंदमानी लोकांनी वसाहतीवर हल्ला केला होता. त्यांच्यात राहिलेल्या दूधनाथ तिवारी नावाच्या फरारी कैद्याने इंग्रजांना आधीच खबर दिली आणि हल्ला फसला. बेटाच्या मूळ मालकांची आठवण करून देणारी ही जागा लोक न बघताच बोटीत चढतात.

रॉस, म्हणजे आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, पंधरा-वीस मिनिटांवर आहे. परतीची वेळ बोटीशी बांधलेली असते, म्हणून उतरतानाच ती विचारा, बोटीचं नाव लिहून घ्या आणि निदान दीड तास मिळेल असं पाहा. पायात घट्ट बूट हवेत, कारण वाटा चढाच्या आहेत आणि पावसानंतर शेवाळाने निसरड्या होतात. चीफ कमिशनरचा बंगला, चर्च, बेकरी, टेनिसचं मैदान: सगळ्याचे अवशेष आता वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांच्या मुळांनी कवटाळलेले आहेत. साहेबांच्या या चैनीमागे कैद्यांचे कष्ट होते, हे भिंती बघताना विसरू नका. १९४१ च्या भूकंपाने आणि पुढच्याच वर्षी आलेल्या जपान्यांनी हे सारं संपवलं. हरणांना खायला देऊ नका. चढ झेपत नसेल तर बॅटरीवर चालणाऱ्या गाडीची चौकशी करा.

व्हायपर बेटाबाबत सर्वाधिक फसगत होते. रॉस, नॉर्थ बे आणि व्हायपर या तीन बेटांच्या फेरीत सर्वांत कमी वेळ त्यालाच मिळतो. तिकीट काढण्याआधी एकच प्रश्न स्पष्ट विचारा: बोट धक्क्याला लागून उतरू देणार, की समोरून फिरवून आणणार? सेल्युलरच्या आधीचा तुरुंग इथेच होता, १८६० च्या दशकात बांधलेला, जिथे कैद्यांना साखळीने एकत्र जखडून कामाला जुंपत. टेकडीवर लाल विटांचं फाशीघर आहे. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला ८ फेब्रुवारी १८७२ ला होपटाउनला भोसकणाऱ्या शेर अली या कैद्याला ११ मार्चला याच बेटावर फाशी दिलं.

दुसरा दिवस जेलचा. दार उघडताच आत शिरा आणि तीन तास हाताशी ठेवा. आधी प्रवेशद्वाराजवळच्या दालनात जेलची प्रतिकृती नीट बघा, कारण मूळच्या सातांपैकी तीनच चाळी आता उभ्या आहेत. (जुन्या मराठी लिखाणात या इमारतींना ‘चाळ’च म्हटलंय.) बाकीच्या चार भूकंपानंतर, जपानी अमलात आणि स्वातंत्र्यानंतर पाडल्या गेल्या, त्या जागेवर गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे.

तिथून मधल्या मनोऱ्यावर चढा. चाकाच्या आऱ्यांसारख्या सात चाळी या एका मनोऱ्याला जोडलेल्या होत्या, म्हणून मोजके पहारेकरी पुरत. आता नीट पाहा: एका चाळीच्या कोठड्यांची तोंडं पुढच्या चाळीच्या पाठीकडे आहेत. जवळपास ७०० कोठड्या, आणि कैद्याला समोर दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसू नये अशी मांडणी. बाबाराव सावरकर आधीपासून इथे होते, ४ जुलै १९११ ला धाकटे विनायकराव आले. एकाच आवारात असून भावांची भेट दुर्मीळ झाली, ती या रचनेमुळे.

खाली उतरून कोणत्याही कोठडीची कडी तपासा. लोखंडी दांडा दारापासून लांब, भिंतीतल्या कोनाड्यात जाऊन बसतो. गजांतून हात काढला तरी कुलपापर्यंत पोचत नाही. मग आत जा: साडेतेरा फूट लांब, सात-साडेसात फूट रुंद, आणि मागच्या भिंतीत सुमारे दहा फुटांवर झरोका. फ्लॅश न वापरता, न बोलता दोन मिनिटं उभे राहा.

सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, सात नंबरच्या चाळीच्या टोकाला आहे. जिने उंच आहेत, त्यामुळे ज्येष्ठांना सकाळीच, गर्दीआधी न्या. आत माणसं डोळे पुसत असतात. रांग अडवून फोटोंची मालिका काढू नका आणि भिंतीवर बोटाचं नखही लावू नका.

अंगणात कोलूची (तेलाच्या घाण्याची) शेड आहे. नारळाचं तेल दिवसाला ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर, एवढं काम माणसाला जुंपून घेत. कमी पडलं की शिक्षा. शेजारी फटक्यांची तिकाटी आणि बेड्यांचे प्रकार आहेत. फाशीघरात तीन फास लटकतात. त्यांच्याजवळ गळा नेऊन फोटो काढणारे दिसले तर शांतपणे थांबवा.

शो त्याच संध्याकाळचा घ्या, म्हणजे निवेदनातली प्रत्येक जागा ओळखीची वाटेल. हिंदी आणि इंग्रजी खेळ वेगवेगळे असतात, तिकिटावर भाषा तपासा. बसणं उघड्यावर असतं, तेव्हा छत्री आणि डासांचं मलम बरोबर ठेवा. हंगामात तिकिटं संपतात, आधीच काढा.

मनोऱ्यातल्या संगमरवरी पाट्यांसाठी अर्धा तास वेगळा काढा. राजबंद्यांची नावं त्यांवर प्रांतवार कोरली आहेत आणि बंगालची यादी संपता संपत नाही. मे १९३३ च्या उपोषणात गेलेले महावीर सिंग, मोहन किशोर नमोदास आणि मोहित मैत्र या तिघांची नावं मुलांना शोधायला सांगा.