नातेवाइकांना वर्षभराची खबरबात कशी लिहावी: वाईट बातमीसकट

वर्षातून एकदा सगळ्या नातेवाइकांना एकच पत्र पाठवायचं, म्हणजे प्रत्येक फोनवर तीच कहाणी पुन्हा सांगावी लागत नाही. कल्पना चांगली आहे, पण या पत्राबद्दल दिला जाणारा नेहमीचा सल्ला असतो 'सगळं सकारात्मक लिहा'. तो मानू नका. वर्षात कुणी गेलं असेल, कुणाची नोकरी सुटली असेल आणि पत्रात फक्त सहलीचे फोटो असतील, तर ज्यांना माहीत आहे त्यांना ते पत्र खोटं वाटतं आणि ज्यांना माहीत नाही त्यांना पुढे दुसऱ्याच कुणाकडून कळतं.

तयारी थोडक्यात: फोनमधले फोटो महिन्यांच्या क्रमाने चाळा, कॅलेंडर बघा, घरातल्या प्रत्येकाला दोन-दोन गोष्टी विचारा. त्यातून सहा-सात निवडा. ४०० ते ५०० शब्द पुरेत. त्याहून लांबलं की लोक वरवर चाळतात आणि नेमकी महत्त्वाची ओळ सुटते. चांगल्या बातम्या एकेका ओळीत आटोपतात. फक्त मुलांचे गुण, टक्के आणि पगाराचे आकडे गाळा. त्याच वर्षी नात्यातलं दुसरं एखादं मूल नापास झालेलं असू शकतं.

आता खरं अवघड काम, म्हणजे वाईट बातमीचा परिच्छेद.

पहिला प्रश्न ही बातमी कुणाची आहे हा. आजार ज्याचा, बातमी त्याची. घटस्फोट ज्यांचा, बातमी त्या दोघांची. गर्भपात झाला असेल तर लिहायचं की नाही हे ती बाईच ठरवेल. सासू, आई किंवा नवरा नाही. आणि परवानगी 'लिहू का?' अशी मोघम विचारू नका. घाईत माणूस हो म्हणतो आणि छापलेलं वाक्य वाचून दुखावतो. वाक्य आधी लिहा, जसंच्या तसं त्यांना वाचून दाखवा, ते सुचवतील तो शब्द बदला. कळत्या वयाच्या मुलांनाही हा अधिकार द्या. परीक्षेतलं अपयश किंवा नैराश्यावरचे उपचार त्यांना विचारल्याशिवाय पत्रात येता कामा नयेत.

नकार मिळाला तर विषय पूर्ण गाळायचा, इशारासुद्धा द्यायचा नाही. 'या वर्षी घरात काही अडचणी आल्या, पण त्याबद्दल जास्त लिहीत नाही' हे या पत्रातलं सगळ्यात वाईट वाक्य. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचाच हा प्रकार आहे. वाचणारा तर्क करतो, तर्क दुसऱ्याला सांगतो आणि आठवडाभरात राईचा पर्वत होतो. एक तर नीट सांगा, नाही तर अजिबात सांगू नका.

दुसरी गोष्ट, कुणाला आधी कळायला हवं. मृत्यू किंवा गंभीर आजार सख्ख्या भावंडांना, आईवडिलांना, मामा-आत्यांना पत्रातून पहिल्यांदा कळता कामा नये. पत्र पाठवण्याच्या किमान आठवडाभर आधी ही यादी करून प्रत्येकाला फोन करा. हे राहिलं तर बातमीचं दुःख बाजूला पडतं आणि 'मला का नाही सांगितलं' हा रुसवा वर्षानुवर्षं टिकतो.

आता प्रत्यक्ष लेखन. क्रम ठरलेला ठेवा: काय झालं आणि केव्हा, आता काय स्थिती आहे, वाचणाऱ्याकडून काय हवं आहे, काय नको. बहुतेक पत्रं पहिल्याच पायरीवर थांबतात आणि वाचणारा गोंधळतो. फोन करावा का? भेटायला जावं का? त्या विषयावर बोललेलं चालेल का? उत्तर सापडत नाही म्हणून पुष्कळ जण गप्प बसतात आणि आपल्याला वाटतं, कुणाला पडलेलीच नाही.

हा नमुना बघा: 'बाबांची तब्येत यंदा नरमगरम होती, पण देवाच्या कृपेने आता बरं आहे.' यातून काहीच कळत नाही. आता हा: 'मार्चमध्ये बाबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात अजून नीट चालत नाही, जिभेवरचा जडपणा बराच कमी झाला आहे. रोज सकाळी फिजिओथेरपी असते, म्हणून फोन दुपारी चारनंतर करा. ते स्वतः बोलतात, मध्येच थांबतात. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. औषधांबद्दल सल्ले मात्र नकोत, ते डॉक्टरांशी बोलून ठरलं आहे.' जेमतेम सहा ओळी, पण वाचणारा त्याच दिवशी फोन उचलू शकतो, कारण काय करायचं ते त्याला कळलेलं असतं.

आजाराचं नाव लिहा. नाव टाळलं की लोक सर्वांत भयंकर आजार गृहीत धरतात. पण आजार कितव्या टप्प्यावर आहे, वाचण्याची शक्यता किती टक्के, तपासणीचे आकडे काय, हे लिहू नका. तिथूनच इंटरनेटवरची शोधाशोध सुरू होते आणि रुग्णाला नको ते ऐकावं लागतं. रिपोर्टचे किंवा रुग्णालयातल्या खाटेवरचे फोटो तर कधीच नकोत.

नोकरी गेली असेल तर तेही सरळ लिहा आणि मदत कोणती चालेल ते स्पष्ट करा: 'हिशेबाच्या कामातली जागा कुठे कानावर आली तर जरूर कळवा. पैशांची अडचण नाही.' अडचण खरोखर असेल तर सर्वांच्या पत्रात मागणी घालू नका, ज्याच्याकडून मदत हवी त्याला वेगळा फोन करा. कर्जाचा आकडा पत्रात लिहिलात तर तो तुमच्याआधी दुसऱ्यांच्या घरी पोचतो.

घटस्फोटाला दोन वाक्यं पुरतात. दोघांपैकी कुणीही वाचलं तरी मान खाली जाणार नाही अशी ती असावीत. 'दोघं ऑगस्टपासून वेगळे राहतात. मुलगी दोघांकडेही असते, तिच्यासमोर कारणांची चर्चा नको.' कारणं, दोष, वकील काही नाही. हाच नियम साहेब, डॉक्टर, भाऊबंद अशा सगळ्यांना लावा. रागाचं वाक्य लिहून झालं की खोडा. पत्र पुढे पाठवलं जातं आणि ज्याच्यावर राग आहे त्याच्यापर्यंत हमखास जातं.

मृत्यूची बातमी पत्रात सर्वांत आधी यावी. अनेक जण ती शेवटी ढकलतात, हे चूक आहे. ज्यांना माहीत आहे ते तिचीच वाट बघत असतात आणि वरचा आनंद त्यांना बोचतो. तारीख, एका ओळीत कारण आणि मग त्या माणसाचं त्याच वर्षातलं काहीतरी नेमकं: शेवटचे दोन महिने आजी कुठल्या खिडकीशी बसायची, कुणाच्या फोनची वाट बघायची. गुणगौरवाच्या दहा विशेषणांपेक्षा अशी एक ओळ जास्त काम करते. त्यानंतर ओळ सोडा आणि नवा परिच्छेद सुरू करा. 'आजी गेली, पण आम्ही नवी गाडी घेतली' असं एका दमात वाचावं लागू नये. बाकीच्या वाईट बातम्या मधे ठेवा, शेवट साध्या घरगुती गोष्टीवर करा.

आणि प्रत्येक वाईट बातमीला 'पण यातून आम्ही खूप शिकलो' असं शेपूट जोडू नका. जे अजून बरं झालेलं नाही ते बरं झालेलं नाही, असंच लिहा.

मसुदा दोन रात्री ठेवा, मग घरातल्या सर्वांसमोर मोठ्याने वाचा. जिथे आवाज अडखळतो तिथे वाक्य बदला. मुलांच्या शाळेचं नाव, घर रिकामं असण्याच्या तारखा, फोन नंबर काढून टाका.

पाठवताना कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकू नका. तिथे आजीच्या बातमीखाली कुणीतरी गाडीसाठी 'अभिनंदन' लिहितं आणि त्याखाली हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागते. प्रत्येकाला वेगळं गेलं तर उत्तरही मनापासून येतं. व्हॉट्सॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत (एकच मजकूर प्रत्येकाला वेगळा जातो) २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना ते पोचत नाही, हे आधी तपासा. पाठवलेला मजकूर १५ मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो. ई-मेल असेल तर सगळे पत्ते बीसीसीत घाला, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. पीडीएफ करत असाल तर अक्षर १४ पॉइंटचं ठेवा. ज्येष्ठांना छापील प्रत द्या, आणि ज्यांना वाचणं जड जातं त्यांच्यासाठी पत्र वाचून त्याचा आवाज पाठवा. तीन-चार फोटो पुरेत. ते डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर छापण्याजोगे राहतात.

उत्तरं येऊ लागली की वाईट बातमीबद्दल ज्यांनी विचारपूस केली त्यांना आधी उत्तर द्या, शक्यतो फोनने आणि आठवड्याच्या आत. पंधरा दिवसांत ज्यांच्याकडून काहीच आलं नाही त्यांची नावं बघा. त्यात एकटे राहणारे कुणी असतील तर पत्र मिळालं का म्हणून विचारा आणि त्यांचं वर्ष कसं गेलं तेही ऐकून घ्या.