अभ्यासाची टिप्पणी कशी करावी: नागपूरच्या उन्हाचं उदाहरण

सरकारी कार्यालयात निर्णय अहवालावर होत नाही, टिप्पणीवर होतो. अधिकारी नस्तीत, म्हणजे त्या विषयाच्या फायलीत, दीड-दोन पानं लिहितो, ती पानं वर सरकतात आणि त्यांवर सही होते. दोनशे पानांचा चांगला अभ्यास या दोन पानांत उतरला नाही, तर तो कपाटातच राहतो. म्हणून अभ्यास हाती घेतानाच ही दोन पानं डोळ्यांसमोर ठेवावीत आणि त्यांचा मसुदा आपणच करून द्यावा. इथे उन्हाळ्याचं उदाहरण घेतलं आहे, कारण नागपुरात हा एकच विषय शाळा, दवाखाना, न्यायालय आणि झाडं या चारही ठिकाणी जाऊन भिडतो.

पहिलं काम प्रश्न फोडण्याचं. ‘उष्णतेवर उपाय करा’ या मागणीला मालक नसतो. शाळेची वेळ शिक्षण विभाग ठरवतो, महापालिकेच्या दवाखान्यातला उष्माघात कक्ष आरोग्य विभाग सांभाळतो, बांधकाम मजुरांच्या कामाचे तास कामगार खात्याकडे येतात आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. प्रत्येकासाठी वेगळी टिप्पणी लागते. एकच निवेदन चार ठिकाणी दिलं, की चारही ठिकाणांहून ‘ही बाब या विभागाच्या अखत्यारीत नाही’ असं उत्तर येतं.

आता आकडे. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबू.

तापमान घ्यायचं ते सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राच्या नोंदींतून. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने तो संवेदकाचा दोष असल्याचं सांगितलं. असा एक आकडा टिप्पणीत राहिला, तर उरलेले खरे आकडेही संशयात सापडतात. कमाल तापमानासोबत किमान तापमान आणि आर्द्रताही घ्या. जूनच्या पहिल्या सरींनंतर दुपारचा पारा उतरतो, पण हवा दमट होते आणि घाम वाळत नाही. नुसतं कमाल तापमान पाहिलं तर हे दिवस सुरक्षित वाटतात.

मृत्यूंसाठी ‘उष्माघात’ अशी नोंद असलेली प्रकरणं मोजू नका. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर आणि शुद्ध हरपलेली, अशा अवस्थेत रुग्ण आला तरच तो शब्द कागदावर येतो. घरीच दगावलेला म्हातारा माणूस हृदयविकाराच्या किंवा मूत्रपिंडाच्या रकान्यात जातो. त्यामुळे कारण बाजूला ठेवून रोजचे एकूण मृत्यू घ्यावेत. अहमदाबादेत हेच केलं. मे २०१० मधल्या उष्णतेच्या लाटेतल्या मृत्यूंची तुलना आधीच्या आणि नंतरच्या वर्षाच्या मे महिन्याशी केली, तेव्हा त्या एका महिन्यात १,३४४ मृत्यू जास्त निघाले. याच कामाच्या आधारावर २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णता कृती आराखडा उभा राहिला.

नोंदी महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून मिळवायच्या. माहितीच्या अधिकारातला अर्ज १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, एका विषयावर, १५० शब्दांच्या आत लिहा. महाराष्ट्राच्या नियमांत तशी मर्यादा आहे. नावं, पत्ते मागू नका. मृत्यूची तारीख, वय, लिंग, झोन आणि नेहमीचं राहण्याचं ठिकाण एवढंच पुरतं. उत्तराची मुदत ३० दिवसांची, त्यानंतर पहिलं अपील. लोकांच्या घरी जाऊन माहिती गोळा करणार असाल, तर संस्थात्मक नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या. मागाहून ती मिळत नाही.

तक्ता करताना चार गोष्टी पाळा. मृत्यूची तारीख धरा, नोंदणीची नको. नोंदणी कित्येक दिवसांनी होते आणि शिखर भलत्याच आठवड्यात दिसतं. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या दोन मोठ्या सरकारी रुग्णालयांत अख्ख्या विदर्भातून, शिवाय मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-बालाघाटकडूनही रुग्ण येतात, तेव्हा शहराबाहेरचे रहिवासी वेगळे काढा. किमान दहा उन्हाळे घ्या, पण २०२० आणि २०२१ वगळा. एप्रिल २०२१ मधले कोरोनाचे मृत्यू उन्हाच्या नावावर चढले, तर सगळा अभ्यास वाया जातो. आणि शहराच्या दहाही झोनचे रोजचे आकडे वेगवेगळे पाहण्याच्या मोहात पडू नका, ते फार लहान असतात. त्याऐवजी दिवसांचे गट करा: ४० अंशांखाली, ४० ते ४२, ४२ ते ४४, आणि ४४ च्या वर. प्रत्येक गटातल्या दिवसाचे सरासरी मृत्यू काढा आणि पुढच्या दोन दिवसांचेही तपासा, कारण उन्हाचा फटका अनेकदा उशिरा दिसतो. ज्या गटापासून मृत्यू ठळकपणे वाढतात, ती तुमच्या शहराची इशारा-पातळी. अहमदाबादची इशारा-पातळी उचलून इथे चिकटवू नका.

मग टिप्पणी. पहिल्याच वाक्यात मागणी असावी, कोणी काय करायचं आणि कोणत्या तारखेपासून. त्याखाली तीन आकडे, जास्त नकोत. पुढे अधिकार: कोणता कायदा किंवा कोणता शासन निर्णय याला परवानगी देतो, त्याच्या तारीख आणि संकेतांकासह. त्यानंतर खर्च आणि लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातल्या ज्या सदराखाली तो खर्च पडेल ते. लेखाशीर्ष रिकामं सोडलं, तर ‘निधी उपलब्ध नाही’ हा शेरा ठरलेला. शेवटी आढावा कधी आणि कशावरून घ्यायचा ते. तुमच्या आकड्यांतली कमजोर बाजू इथेच एका ओळीत सांगून टाका. ती वरच्या अधिकाऱ्याने शोधून काढली, तर नस्ती परत येते.

आक्षेप आधीच ओळखता आला पाहिजे. एप्रिलमध्ये शाळा सकाळी लवकर सोडा, असं सुचवलं तर शिक्षण विभाग तासिकांचा हिशोब विचारेल. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १,००० तास भरावे लागतात. कमी झालेले तास कोणत्या महिन्यात भरून काढायचे, याचा तक्ता सोबत जोडा. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात, तेव्हा हवामानासाठी वेगळं वेळापत्रक करण्याची प्रथा राज्यात आहेच. तिचा हवाला द्या.

शोध वेळापत्रकात बसला की तो दूरवर पोहोचतो, याचं उत्तम उदाहरण विदर्भातल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या प्रशिक्षित बाईकडून घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत तपासली आणि १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०११ मध्ये ती देशभर ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरभेट. निष्कर्ष तारखांत बांधलेला असल्यामुळे प्रत्येक आशेला तो पाळता येतो आणि वरच्यांना तपासता येतो. तरी मधे बारा वर्षं गेली, हेही ध्यानात असू द्या.

वेळ चुकली तर वर्ष जातं. मार्चमध्ये ऊन तापल्यावर निवेदन दिलं, की पैसे आधीच वाटून झालेले असतात. विभागांच्या मागण्या नोव्हेंबर-डिसेंबरपासून जुळू लागतात आणि अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. म्हणून टिप्पणी ऑक्टोबरअखेर हातात द्या. आवक क्रमांक आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. डिसेंबरच्या सुमारास हिवाळी अधिवेशन नागपुरातच भरतं. एखाद्या आमदाराला तीच दोन पानं द्या आणि तारांकित प्रश्नाचा (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न) किंवा लक्षवेधीचा (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) मसुदा स्वतः लिहून न्या. उत्तरासाठी खात्याला माहिती गोळा करावीच लागते आणि तुमची नस्ती वर येते.

उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ हा शेवटचा रस्ता ठेवा. अभ्यास बरोबर की चूक, हे ठरवण्यात न्यायालय सहसा शिरत नाही. ते विचारतं, तुमचाच आराखडा, तुमचाच शासन निर्णय, मग अंमलबजावणी का नाही? त्यामुळे जनहित याचिकेत नव्या संशोधनापेक्षा सरकारने आधी मान्य केलेला कागद आणि माहिती अधिकारातली उत्तरं जास्त उपयोगी पडतात. झाडांच्या आणि मोकळ्या जागांच्या प्रश्नातही हेच खरं.

आदेश निघाला की त्याची प्रत मिळवून ‘करावे’ आणि ‘करण्याचा प्रयत्न करावा’ या दोन शब्दप्रयोगांखाली वेगवेगळ्या रंगाची रेघ मारा. दुसरा सापडला तर दुरुस्तीचं पत्र त्याच आठवड्यात द्या. मग जूनअखेर त्याच गटांचा, त्याच पद्धतीचा तक्ता पुन्हा करा आणि पुढच्या ऑक्टोबरच्या टिप्पणीला जोडा.