श्वानाच्या वृषणातील पेशींची परिपक्वता प्रथिनांवरून कशी ओळखावी

मुंबईत निर्बीजीकरणाच्या शस्त्रक्रियेत काढलेले वृषण रीतसर परवानगीने अभ्यासासाठी घेता येते; त्याचे पातळ तुकडे करून ते लगेच फॉर्मलिनमध्ये बुडवावेत, कारण इथल्या उष्ण, दमट हवेत ऊती झपाट्याने बिघडते. पॅराफिन मेणात बसवलेल्या ऊतीचे छेद सायट्रेट बफरमध्ये (पीएच 6.0) तापवावेत, हायड्रोजन पेरॉक्साइडने ऊतीतील मूळचे पेरॉक्सिडेज निष्क्रिय करावे आणि मगच प्राथमिक प्रतिपिंड (शोधायच्या प्रथिनाला चिकटणारा रेणू; तो चिकटतो तिथे शेवटी तपकिरी रंग उमटतो) लावावे.

खरा कस चिन्हकांच्या, म्हणजे पेशीची ओळख सांगणाऱ्या प्रथिनांच्या, निवडीत लागतो. सर्टोली पेशी (वृषणाच्या नलिकांत शुक्राणूंना आधार देणाऱ्या पेशी) अपरिपक्व असताना त्यांत अँटी-म्युलेरियन हॉर्मोन भरपूर असते आणि श्वान वयात येताना ते ओसरते. उलट अँड्रोजन ग्राही (नर हॉर्मोनला जोडले जाणारे प्रथिन) परिपक्व सर्टोली पेशींच्या केंद्रकात ठळक होतो. व्हिमेंटिन (पेशीच्या सांगाड्यातील प्रथिन) मात्र दोन्ही अवस्थांत आढळते, त्यामुळे नलिकेतील पेशी सर्टोली आहे एवढेच त्यावरून कळते, तिची परिपक्वता नाही. पिल्लाच्या वृषणाचा एक छेद तुलनेसाठी आणि प्राथमिक प्रतिपिंड न लावलेला दुसरा छेद सोबत ठेवावा. हे दोन्ही नसतील तर तपकिरी रंगावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

प्रौढ श्वानात अँटी-म्युलेरियन हॉर्मोन पुन्हा दिसल्यास वृषण पोटात अडकलेले होते का, किंवा सर्टोली पेशींचे अर्बुद (गाठ) आहे का, हे तपासावे.